उतरत्या पाण्यामागे पाच दिवस : ओरेगनच्या ओहोळांतला हिवाळी स्टीलहेड

पहिला दिवस : हिल्सबरो ते सीसाइड, पाणी चढलेलं

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. प्रशांत महासागरावरून आलेल्या वादळाने ओरेगनचा किनारा दोन दिवस झोडपून काढला होता. अंदाज असा होता की पाऊस दुपारी थांबेल आणि पुढचे चार दिवस कोरडे जातील. हिवाळी स्टीलहेडची सहल ठरते ती पाऊस थांबण्याच्या वेळेवरून. सुटी त्यात बसली तर बसली. पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो-बीव्हर्टन भागात आता बरीच मराठी घरं आहेत. तिथून महामार्ग २६ ने कोस्ट रेंज ओलांडली की दीड तासात सीसाइड येतं, त्यामुळे अंदाज पाहून आयत्या वेळी निघणं जमतं.

स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, जात एकच. काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात आणि काही समुद्रात जातात. जाणारी तिथे साधारण दोन वर्षं खाऊन-पिऊन ५ ते १२ पौंडांची होतात आणि अंडी घालायला आपल्याच ओहोळात परत येतात. सॅमन अंडी घालून मरतो. स्टीलहेडमधले काही मासे, त्यातही माद्या जास्त, पुन्हा समुद्राकडे जातात आणि दुसऱ्या खेपेलाही येऊ शकतात. कोकणात मृगाच्या पहिल्या पाण्याला वहाळात चढणीचे मासे चढतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथला पाऊसकाळ हिवाळ्यात असतो. टिलामुकला वर्षाला सुमारे ९० इंच पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये पडतो. हिवाळी मासा नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत आत येत राहतो.

चढणीचा मासा चढत्या पाण्यात पकडतात, हे आपल्याला माहीत असतं. गळाने स्टीलहेड पकडायचा तर नेमकं उलटं करावं लागतं. पाणी चढत असताना त्यात पानं, काटक्या आणि गाळ वाहतो, मासा काठाला दबून राहतो आणि समोरची गाबोळीसुद्धा त्याला दिसत नाही. पाणी उतरू लागलं की गाळ बसतो, मासा पुढे सरकतो आणि ठरावीक जागी थांबत थांबत जातो. हे थांबे आपल्या कामाचे.

लहान ओहोळाचं पाणलोट क्षेत्र छोटं आणि उताराचं असतं, त्यामुळे तो एका दिवसात निवळतो. मोठ्या नदीला आठवडा लागू शकतो. म्हणून आमच्या पाच दिवसांचा क्रम नकाशावरून ठरला नाही, निवळण्याच्या क्रमावरून ठरला. आधी नेकॅनिकम, मग नेहेलमचा उत्तर फाटा, मग किल्चिस, शेवटी नेस्टका. मुख्य नेहेलम सगळ्यात उशिरा निवळते, तिला या सहलीत जागाच नव्हती.

पाण्याची उंची अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या मापकांवर दर थोड्या वेळाने नोंदली जाते. फॉसजवळची नेहेलम, टिलामुकजवळची विल्सन आणि बीव्हरजवळची नेस्टका हे तीन आलेख रोज पाहायचे. लहान ओहोळांना बहुधा मापकच नसतो. त्यांचा अंदाज शेजारच्या नदीवरून बांधावा लागतो. विल्सन ५ फुटांच्या आसपास आणि उतरती असली की विल्सन चांगली. ती ७ फुटांवर आणि चहासारखी असेल, तेव्हा नेकॅनिकम सहसा तयार झालेली असते. आकड्यापेक्षा रेघेचा कल महत्त्वाचा. चढत्या ५ फुटांना काही किंमत नाही.

दुपारी क्लूची क्रीक पार्कला थांबलो. इथला प्रचंड सिटका स्प्रूस डिसेंबर २००७ च्या वादळात मोडला. उरलेलं खोडही आसपासच्या झाडांना लाजवेल असं आहे. नेकॅनिकम काठोकाठ होती, रंग दुधाच्या चहाचा, आणि वीतभर खोलीवरचंही काही दिसत नव्हतं. गळ बाहेर काढलेच नाहीत. पाण्याच्या कडेला एक काठी चिखलात रोवली आणि पाणी जिथे टेकत होतं तिथे चाकूने खूण केली. मापक नसलेल्या ओहोळाचा हाच मापक.

संध्याकाळ गाबोळीत गेली. ही गाबोळी सॅमनची, शरद ऋतूत मुरवून गोठवलेली. मुरवण्याची रीत अशी. मासा पकडल्याबरोबर कल्ले कापून रक्त पूर्ण जाऊ द्यायचं. रक्त राहिलं तर गाबोळी काळी पडते आणि तिला वास येतो. पिशवी अखंड काढायची, पाण्याने धुवायची नाही, कागदाने टिपायची. मधून उभी चिरून पुस्तकासारखी उघडायची. मग २ कप बोरॅक्स, १ कप पांढरी साखर, १ कप तपकिरी साखर आणि अर्धा कप आयोडीन नसलेलं मीठ एकत्र करून प्रत्येक घडीत भुरभुरवायचं. बरणीत ठेवली की तासा-दोन तासांत पाणी सुटतं, आणि साखर-मिठात घातलेल्या कैरीच्या फोडींसारखी गाबोळी त्यात पोहू लागते. ते पाणी ओतून टाकण्याची घाई करायची नाही. दिवसभरात दाणे ते परत शोषून फुगतात आणि टणक होतात. मग निथळायची, जाळीवर तासभर वाळवायची, कोरड्या बोरॅक्समध्ये घोळवून गोठवायची. पाणी आधीच ओतलं तर दाणे सुरकुततात, आणि वाळवली नाही तर पहिल्याच फेकीत गळावरून सुटते. बोरॅक्स लावलेली ही गाबोळी फक्त आमिषाची, तिच्या डब्यावर तसं ठळक लिहून ठेवायचं.

झोपण्यापूर्वी परवाना तपासला. ओरेगनमध्ये मासेमारीच्या परवान्यासोबत सॅमन-स्टीलहेडचा वेगळा टॅगही (पकडलेला मासा नोंदवायचं कार्ड) लागतो. कोणता ओहोळ कुठल्या पुलापर्यंत खुला आणि कुठे आमिष चालत नाही, हे दरवर्षी बदलू शकतं. बरेच छोटे ओहोळ रानमाशांसाठी बंदच ठेवलेले असतात. नियमांचं पान त्या त्या नदीच्या नावाने वाचायचं, विभागाचं वाचून भागत नाही.

दुसरा दिवस : नेकॅनिकम

सूर्योदयाच्या तासभर आधीपासून सूर्यास्तानंतर तासभरापर्यंत गळ टाकायला परवानगी असते, म्हणजे या दिवसांत साडेसहापासून. काठीवरची खूण पाण्यापासून हातभर वर आलेली होती. रंग जुन्या हिरव्या बाटलीसारखा. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर बुटाचं टोक अंधुक दिसत होतं, म्हणजे दीड-दोन फुटांपर्यंत दिसतंय. गाबोळीला हे पाणी पुरतं. नुसत्या जिगला (शिशाच्या डोक्याचं, गाबोळीविना चालणारं नकली आमिष) तीन ते पाच फूट दिसलेलं बरं.

नेकॅनिकम बहुतेक ठिकाणी ३०-४० फूट रुंद. दोन्ही काठांना आल्डर, व्हाइन मेपल आणि पाण्यावर वाकलेल्या सॅल्मनबेरीच्या काटेरी फांद्या. इथे गळाची दहा फुटी काठी फांद्यांतच अडकते. साडेआठ फुटी, ६ ते १० पौंडांचा ताण पेलणाऱ्या तंगुसाची काठी, २५०० मापाचं रीळ आणि त्यावर १० पौंडी तंगूस एवढं पुरे. मोठ्या नदीवरून येणारे लोक जाडजूड सामान आणतात. मग शिसं दगडासारखं आपटतं आणि मासा हलतो.

पहिली फेक काठावरून दहा फूट मागे उभं राहून टाकायची. पाणी चढलेलं असताना मासा मध्ये नसतो. काठापासून चार-सहा फुटांवर, माणसाच्या चालीने वाहणाऱ्या मऊ पाण्यात असतो. बहुतेक जण तिथेच पाय घालून उभे राहतात आणि पलीकडच्या काठाकडे फेकत बसतात. शोधायची ती जागा कमरेएवढ्या ते डोक्याएवढ्या खोलीची. खळाळ संपून डोह सुरू होतो तो ओठ, बुडलेल्या खोडाची अलीकडची बाजू, आणि डोह संपताना पाणी पुन्हा पातळ व्हायच्या आधीचा गुळगुळीत पट्टा.

मांडणी फ्लोटची, म्हणजे पाण्यावर तरंगून चावा दाखवणाऱ्या तरंग्याची. काठीकडून गळाकडे क्रम असा : तंगुसावर सरकती गाठ, छोटा मणी, ३/८ औंसाचा सरकता फ्लोट, आणखी एक मणी, साधारण तेवढ्याच वजनाचं शिसं, फिरकी (तंगुसाला पीळ पडू न देणारी कडी), खाली १८-२४ इंच ८ पौंडी फ्लोरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा तंगूस) आणि त्याला १ किंवा २ नंबरचा गळ. शिसं इतकं असावं की फ्लोटचं फक्त रंगीत टोक वर राहील. शिसं हलकं पडलं तर मासा फ्लोट ओढताना त्याला विरोध जाणवतो आणि तो तोंड उघडतो. सरकती गाठ खोलीप्रमाणे वर-खाली करायची, म्हणजे आमिष तळापासून फूटभर वर राहील. फ्लोट उभा चालला तर सगळं ठीक. त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेला झुकलं, की शिसं तळाला घासतंय असं समजावं आणि गाठ सहा इंच खाली घ्यावी. पाण्यावर पडलेल्या तंगुसाला प्रवाहात पोट येतं आणि फ्लोट पळू लागतो. ते पोट काठीने उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकत राहायचं. निम्मं कौशल्य या एका हालचालीत आहे.

गळाला गाबोळी धरून ठेवणारा फास लागतो, त्याला एग लूप म्हणतात. तीन फूट फ्लोरोकार्बनचं एक टोक गळाच्या डोळ्यातून घालून दांडीला चिकटवून धरायचं. त्यावर त्याच तंगुसाचे आठ-दहा वेढे, एकमेकांना लागून, वाकाच्या दिशेने. मग दुसरं टोक डोळ्यातून घालून तेही वाकाकडे दांडीला धरायचं. मध्ये जो मोठा फास उरतो, त्याने दांडी आणि ते टोक दोन्ही धरून आणखी पाच-सहा वेढे घ्यायचे. शेवटी थुंकीने ओलं करून लांब टोक हळूहळू ओढायचं. कोरडं ओढलं की तंगूस घर्षणाने भाजतो. वरून कळत नाही, मासा लागल्यावर कळतं. डोळ्याजवळचा तंगूस मागे ढकलला की फास उघडतो. त्यात करंगळीच्या पेराएवढी गाबोळी बसवायची, पिशवीचा पापुद्रा फासात येईल अशी, आणि घट्ट करायची. वर गुलाबी लोकरीचा छोटा गोंडा. लोकर माशाच्या दातांत अडकते आणि त्याला आमिष थुंकायला क्षणभर उशीर होतो.

नऊच्या सुमारास दुसऱ्या डोहाच्या ओठावर फ्लोट थबकला. बुडाला नाही, फक्त थबकला. स्टीलहेडची चाहूल हिवाळ्यात बऱ्याचदा एवढीच असते. पाणी पाच-सहा अंश सेल्सिअसचं, मासा धावून येत नाही. सैल तंगूस गुंडाळून काठी आडवी मारली आणि मासा हवेत उडाला, चांदीच्या ताटासारखा.

लहान ओहोळात मासा लागणं आणि मासा हाती येणं यांत बरंच अंतर आहे. खाली तीस पावलांवर ओंडक्यांची आडवण, तिथे गेला की तंगूस तुटलाच. रीळाचा ब्रेक आधीच हाताने ओढून तपासलेला हवा, तुटण्याच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या भागावर. काठी उभी धरली तर मासा वर उसळतो. ती आडवी, पाण्याला समांतर धरून त्याला बाजूने ओढायचं, आणि तो बाजू बदलेल तशी काठीही बदलायची. खाली पळू लागला तर आपणही खाली चालत जाऊन त्याच्या बाजूला यायचं. शेपटीकडून, म्हणजे प्रवाहाच्या वरून ओढत राहिलं तर त्याला आडवणीकडेच ढकलल्यासारखं होतं. रबरी हातजाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरायची आणि मासा डोक्याकडून तिच्यावर आणायचा. जाळी घेऊन माशाच्या मागे धावलं की हमखास सुटतो.

आधी पाठीवर, शेपटीच्या अलीकडे बघायचं. तिथला छोटा मांसल पर नसेल आणि जखम भरून गुळगुळीत झाली असेल, तर मासा पैदास केंद्रात पर कापून सोडलेला, ठेवता येतो. पर असेल तर रानमासा, इथे तो सोडायचाच. हा मासा पर नसलेला, ७ पौंडांची मादी, पोटाजवळ समुद्री उवा चिकटलेल्या. या उवा गोड्या पाण्यात काही दिवसांतच गळून पडतात. म्हणजे मासा नुकताच आत आला होता. तोंडाच्या आत पांढरं, हिरड्याही पांढऱ्या, शेपटीभर ठिपके : स्टीलहेडच, सॅमन नाही. ठेवायचा ठरला की डोक्यावर एक जोरदार टोला, कल्ले कापून रक्त पाण्यात जाऊ द्यायचं आणि लगेच, तिथेच टॅगवर नोंद करायची. घरी जाऊन करू म्हटलं तर गुन्हा होतो.

दुसरा मासा साडेअकराला लागला आणि गेला. फ्लोरोकार्बन गळापासून तीन इंचांवर तुटलं होतं. आधीच्या फेकीत ते खडकाला घासलं होतं आणि बोटाने चाचपायचं राहून गेलं. प्रत्येक अडकणीनंतर शेवटचा फूटभर भाग ओठांतून किंवा नखावरून ओढून बघायचा. खरखर लागली तर तेवढा कापून गळ नव्याने बांधायचा. पाच मिनिटं जातात, पण मासा जात नाही.

तिसरा दिवस : नेहेलमचा उत्तर फाटा

नेकॅनिकम जंक्शनपासून महामार्ग ५३ दक्षिणेला वळतो. अरुंद, वळणावळणाचा, वर लाकडाचे ट्रक आणि फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे आधीच कुणाला तरी सांगून ठेवायचं. या रस्त्यावर उत्तर फाट्याचं पैदास केंद्र आहे. त्याच्या आसपास डिसेंबर-जानेवारीत खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. इथे केंद्रातले मासे लवकर येतात. फेब्रुवारीत रानमासे अधिक, आणि अंडी घालून परतणारे मासेही. केंद्राजवळ चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी मासेमारीचा कट्टा बांधलेला आहे. तो त्यांचाच, रिकामा दिसला तरी. केंद्राच्या बांधाजवळ बंद पट्टाही आहे, त्याच्या पाट्या वाचायच्या.

पाणी नेकॅनिकमपेक्षा मोठं, तळ मोठ्या धोंड्यांचा आणि सलग कातळाचा. धोंड्यांमधल्या तुटक पाण्यात फ्लोट नीट चालत नाही. इथे शिसं तळाला टेकवत नेण्याची जुनी रीत चांगली. तीन तोंडांच्या फिरकीला रबरी नळीच्या तुकड्यात खोचलेली ३/१६ इंच जाडीची शिशाची कांडी, दीड ते तीन इंच लांब. दुसऱ्या तोंडाला दोन फूट तंगूस, त्यावर १२ नंबरचा छोटा रंगीत तरंगता गोळा, गळ आणि लोकर. फेक प्रवाहाच्या किंचित वर, तिरकी. काठीचं टोक वर धरून शिशाबरोबर फिरवत आणायचं. शिसं दर दोन-तीन फुटांना एकदा ‘टक’ करून पुढे जायला हवं. सतत खरखरलं तर कांडी जड आहे, पाव इंच कापायची. टक ऐकूच आली नाही तर हलकी आहे. रबरी नळीचा फायदा असा की अडकल्यावर कांडी नळीतून निसटते, गळ आणि तंगूस वाचतो. पितळी चिमट्यात घट्ट आवळली तर सगळी मांडणीच जाते. दिवसभरात वीस कांड्या गेल्या. या खडकांत तेवढ्या जातातच, मोजून नेल्या तर दुपारी घरी जावं लागतं.

टक आणि चावा यांतला फरक शब्दांत पकडणं अवघड. टक कोरडी असते. चावा रबरासारखा, ओला, किंवा शिसं नुसतंच थांबतं आणि काठीचं टोक हलकेच मान हलवतं. शंका आली की काठी मारायची, ते फुकट असतं.

दुपारी काळपट, सडपातळ नर आला, गालावर लाल पट्टा, खालचा जबडा वाकलेला, पाठीवर पर शाबूत. लगेच मागून एक मादी, पोट आत गेलेलं, अंगावर पुन्हा चांदी चढू लागलेली. अंडी घालून समुद्राकडे निघालेली ही. असा मासा पर नसलेला असला तरी ठेवू नये, मांस पांढुरकं आणि पाणचट असतं. आणि रानमादी तर पुढच्या वर्षी परत येण्याची शक्यता घेऊन निघालेली असते.

सोडण्याची रीत. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबलेला असावा. मासा जाळीतच, कल्ले पाण्याखाली. ओल्या हाताने शेपटीची मुळं धरायची, दुसरा हात छातीखाली, कल्ल्यांत बोट कधीच नाही. गळ खोल गेला असेल तर तंगूस कापून टाकायचा. मासा प्रवाहाकडे तोंड करून मंद पाण्यात धरायचा आणि तो स्वतः ढकलून जाईपर्यंत थांबायचं. फोटो हवा असेल तर माशाचं तोंड पाण्यावर येईल एवढंच, तेही पाणी ठिबकत असताना. काठाच्या दगडांवर ठेवून काढलेला फोटो हा त्या माशाचा शेवटचा फोटो असू शकतो, हे तिथे कुणी तरी सांगायला हवं. आम्ही सांगतो.

माणसं असलेल्या डोहावर आधी विचारायचं. कुणी वरून खाली सरकत येत असेल तर त्याच्या खालच्या पाण्यात शिरायचं नाही, त्याच्या वर जायचं. जमीन खाजगी असेल तर घरी जाऊन परवानगी मागायची. बहुतेक लोक देतात, कचरा टाकणाऱ्यांमुळे देणं बंद करतात.

चौथा दिवस : किल्चिस

टिलामुक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत किल्चिस सगळ्यात आधी निवळते. तीन कोरड्या दिवसांनंतर ती पार काचेसारखी झाली होती. वरच्या काउंटी पार्कजवळ सात फूट खोल तळातला खडान्खडा मोजता येत होता. पाणी ५ अंशांवर, सकाळी काठावर हिम. सुंदर दिवस, आणि मासेमारीला सगळ्यात कठीण.

अशा पाण्यात सगळं एक पायरी खाली. १/८ औंसाच्या जागी १/१६ औंसाचा जिग, गुलाबीऐवजी काळा-जांभळा किंवा तपकिरी. ६ पौंडी फ्लोरोकार्बन चार फूट. किंवा ८ मिलीमीटरचा फिक्या पीच रंगाचा मऊ मणी, गळाच्या दीड-दोन इंच वर काडीने पक्का केलेला. मणी याहून वर ठेवला तर गळ तोंडाबाहेर, डोळ्याजवळ लागतो. कपडे काळपट-हिरवे. डोहाकडे खालून, वाकून यायचं, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. डोहाच्या मध्यात वेळ घालवायचा नाही. उघड्या पाण्यात दिसणारा मासा आपल्यालाही पाहत असतो. पांढऱ्या फेसाखालची, बुडबुड्यांची जागा धुंडाळायची, तिथे त्याला छप्पर असतं. एका जागी चार-पाच चांगल्या फेकी, मग पुढे.

संध्याकाळपर्यंत दोन मासे दिसले, एकानेही तोंड लावलं नाही. एकदा आडवणीखालून राखाडी सावली निघाली, जिगच्या मागे हातभर आली आणि वळली. त्या फेकीत फ्लोटची सावली माशाच्या आधी त्या जागेवरून गेली होती. सूर्य पाठीशी असला की हे होतं, बाजू बदलायला हवी होती.

पातळ पाण्यात डोहाच्या शेवटी तळावर दोन-तीन फूट लांबीचा फिका, धुतल्यासारखा पट्टा दिसला. आजूबाजूचे दगड शेवाळाने तपकिरी आणि हा पट्टा मात्र उजळ, वरच्या टोकाला खळगा, खाली उंचवटा. हे स्टीलहेडचं घरटं. मादी शेपटीने खडी उडवून खळगा करते, अंडी घालते आणि वरची खडी त्यावर ढकलते. त्यावर पाय पडला तर अंडी चिरडतात. अशा पट्ट्याच्या कडेनेही चालायचं नाही, वर-खाली काठावरून वळसा घ्यायचा. जोडीने उभे असलेले मासे दिसले तर गळ टाकायचा नाही, ते खायला आलेले नसतात.

बाकी दिवसभर सोबत होती ती डिपर पक्ष्याची. गोबरा, राखाडी, दगडावर उठाबशा काढणारा. तो चालता चालता पाण्याखाली जातो आणि तळावरून किडे टिपून बाहेर येतो.

पाचवा दिवस : हीबो, नेस्टका आणि परत

हीबोजवळ थ्री रिव्हर्स नेस्टकाला मिळते. नाव नद्यांचं असलं तरी आहे ओहोळच. तिच्यावर सीडर क्रीक पैदास केंद्र आहे. उजाडायला बारा माणसं होती. पाणी उतरून पातळ झालेलं. तासभरात निघालो. इथे यायचं ते पाणी चढून उतरण्याच्या पहिल्या सकाळी, किंवा नाही.

मुख्य नेस्टका मात्र आज तयार झाली होती. बीव्हरहून वर ब्लेनकडे जाणाऱ्या रस्त्याला समांतर पाणी, रंग पाचूचा, चार फूट दिसणारा. पहिल्या दिवशी हिच्याकडे पाहवत नव्हतं. खूण केलेल्या काठीपासून इथपर्यंत चार दिवस लागले. इथे फ्लोट ठेवून चमचा (धातूचं चमकणारं आमिष) काढला, २/५ औंसाचा, चांदी-तांब्याचा. फेक आडवी, सैल तंगूस उचलायचा आणि रीळ जवळपास न फिरवता चमचा तळाजवळून कमानीत येऊ द्यायचा. चमच्याचा ठोका काठीत मंद, सावकाश जाणवला पाहिजे. भरभर फिरला तर तो वर उचलला गेलाय. कमान पूर्ण होऊन चमचा काठाजवळ लटकला की तीन सेकंद तसाच ठेवायचा. अकराला तिथेच धक्का बसला. दहा-अकरा पौंडांचा रानमासा, तीन उड्या, जाळीत अर्धा मिनिट, मग पाचूत गेला.

पाण्यात उतरताना वेडर्सचा (छातीपर्यंतच्या जलरोधक पोशाखाचा) पट्टा आवळलेला हवा. पाय घसरला तर आत शिरणारं पाणी तो अडवतो. तळव्याला नमदा आणि खिळे असलेले बूट या शेवाळी कातळावर लागतातच. एका हातात दांडा, पाय एकामागे एक न टाकता सरकवत. पाणी मांडीच्या वर आलं आणि तळ दिसत नसेल तर ओलांडायचं नाही.

निघण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांतली माती ब्रशने काढली. ओरेगनच्या काही पाण्यांत न्यूझीलंडची चिखलगोगलगाय पोचली आहे. ती फार तर तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि ओल्या नमद्यात बसून पुढच्या ओहोळात जाते. घरी बूट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचे, मग पूर्ण वाळवायचे.

नेकॅनिकमची मादी बर्फात होती. रक्त नीट गेलेला स्टीलहेड तेलकट आणि नारिंगी मांसाचा असतो. बांगड्यासारखंच आमसूल-तिरफळाचं कालवण त्याला छान लागतं. फक्त शिजवण्याआधी तुकडीच्या मधल्या रेषेतले बारीक काटे चिमट्याने, डोक्याच्या दिशेने ओढून काढायचे.

परतीचा रस्ता महामार्ग ६, विल्सनच्या काठाने. १९३३ च्या ऑगस्टमध्ये इथल्या लाकूडतोडीतून आग लागली, मग १९३९, १९४५ आणि १९५१ मध्ये पुन्हा. हे डोंगर बोडके झाले होते आणि सावली गेलेल्या ओहोळांत माती उतरत होती. नंतर हाताने रोपं लावून आणि हेलिकॉप्टरमधून बी पेरून जंगल परत उभं केलं. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारं बरंचसं डग्लस फर त्या लागवडीचं आहे, आणि विल्सनच्या वरच्या ओहोळांवर पुन्हा सावली आहे.

खिंडीजवळ वायपर सुरू करावे लागले. रात्री घरी पाहिलं तर विल्सनचा आलेख ४.६ फुटांवरून वर वळला होता. अंदाजात पाऊस गुरुवारी संध्याकाळी थांबणार होता, म्हणजे नेकॅनिकम शुक्रवारी सकाळी.